भाड्याच्या सर्व्हरवरचं माहेर

८ मार्च, रविवार

घेतलं एकदाचं. मुंबईत कुठल्याशा इमारतीत एक यंत्र चालू आहे, आणि त्याचा एक लहानसा कोपरा आजपासून महिन्याच्या भाड्यानं माझा आहे. पारोळ्याजवळच्या या गावात आमच्या ओट्यावर बसून मी हुकूम सोडायचा आणि तिकडे ते हलायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच असावं.

आई म्हणाली, "भाड्यानं घेतलंस ते ठीक. पण ठेवणार काय त्यात?"

मी म्हटलं, "गाव."

खरंच गाव. दिवाळीत पुण्याचं कंत्राट संपलं (मला काढलं नाही, कंत्राट संपलं, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं), तेव्हापासून हा गेम रचतेय. आखाजीचा बार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके घेतात, आणि उन्हं कलली की नाल्याच्या एका अंगाला वरची आळी, दुसऱ्या अंगाला खालची आळी अशा उभ्या राहून गाण्यांतून एकमेकींचा असा उद्धार करतात की ऐकणाऱ्यानं कानावर हात ठेवावेत. याला आमच्याकडे बार खेळणं म्हणतात. पण आता लेकी येतातच कुठे? कुणी सुरतेला, कुणी नाशकाला, कुणाच्या पोरांच्या परीक्षा, कुणाला रजा नाही. मागच्या आखाजीला नाल्यावर चार जणी होत्या, त्यातल्या दोघी मोबाइलात बघत होत्या. म्हटलं, मोबाइलातच बघायचंय ना, मग नालाच तिथं नेते. व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा उघडला की आपलं गाव, आपली आळी. दगडाऐवजी वांगी फेकायची, आणि बटण दाबून आपल्या आवाजात गाणं सोडायचं.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. इथं खोटं लिहून काय मिळणार? मला केसरफुई हवी आहे.

केसरफुई म्हणजे माझी आत्या, आबांची सख्खी धाकटी बहीण, धुळ्याला देवपुरात दिलेली. वरच्या आळीची वाघीण. तिनं तोंड उघडलं की खालची आळी गप्प. मला सगळी गाणी तिनं शिकवली. मी दहावीत असताना माझ्या भावाचं, राकेशदादाचं, लग्न झालं. हळदीचा पहिला हात फुईचा असतो. त्या दिवशी ती यायच्या आत घाईघाईत कुणीतरी हळद लावून टाकली. ती बोलली, आणि आबा भर मांडवात म्हणाले, "तुझ्यावाचून लग्न अडत नाही." फुई उठली, गेली, पुन्हा या घरात आली नाही. ती म्हणते, मूळ आल्याशिवाय, म्हणजे माहेराहून कुणी न्यायला आल्याशिवाय, येणार नाही. आबा म्हणतात, रुसून ती गेली, तिनं यावं, दार काही बंद नाही. मधे पस्तीस किलोमीटरचा रस्ता आहे, चांगला चौपदरी.

या आखाजीला फुई बार खेळेल. मोबाइलात का होईना, पण खेळेल. नाही खेळली तर माझं नाव हेमांगी नाही.

११ मार्च

सर्व्हर चालू आहे. गेम चालू आहे. पण बाहेरून कुणालाच दिसत नाही. दिवसभर त्या यंत्राला शिव्या घातल्या, भाड्याच्या कंपनीला घातल्या, आमच्या नेटला घातल्या. शेवटी कळलं की फायरवॉलमध्ये मीच वाट मोकळी केली नव्हती. घर बांधलं, दार बसवलं, आतून कडी घालून बसले आणि पाहुणे का येत नाहीत म्हणून रडतेय. नाचता येईना अंगण वाकडं.

वाट मोकळी केल्याबरोबर पहिली आत आली प्रज्ञा. शाळेतली मैत्रीण, वडील दीपनगरला वीज केंद्रात आहेत, ती तिथल्याच कॉलनीत असते. म्हणाली, "आमच्या बौद्धांच्या घरी आखाजी नसते. पण हक्कानं भांडायला मिळत असेल तर मी आहे." आल्या आल्या मला वांगं मारलं. वांगं नाल्यात पडण्याऐवजी आभाळात निघून गेलं, ते दुरुस्त करायचंय.

१५ मार्च, रविवार

आज गहू घरात आला. आबा खूश होते म्हणून सहज विचारलं, पूर्वी मूळ कसं जायचं?

आबा खुलले. आजोबा त्यांनाच मुराळी करून पाठवायचे. लेकीला आणायला माहेराहून जो जातो तो मुराळी. आधी बैलगाडीनं, मग एसटीनं. म्हणाले, "मुराळ्यानं सासरच्या दारासमोर जाऊन उभं राहायचं. खाकरायचं नाही, हाक मारायची नाही. लेक न्यायला आलोय, भीक मागायला नाही. सासूनं बघायचं, तांब्या आणायचा, 'या, पानी घ्या' म्हणायचं. पाणी प्यायलं की मग तोंड उघडायचं."

"आणि लेक?"

"ती ओट्यावर बशेल राहे. तिनी बी उठानं नही. भाऊ 'चाल' म्हने, तव्हय उठे."

आबा घरात नेहमी साधी मराठी बोलतात. जुनं काही आठवलं की अहिराणीवर येतात. मग आपण कुणाविषयी बोलतोय हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. उठले, गोठ्यात गेले.

मला मात्र घबाड मिळालं. प्रत्येक लेक आता गेममध्ये नदीपल्याड, सासरच्या ओट्यावर उगवेल. अल्याडहून कुणीतरी मुराळी होऊन जायचं, तिच्या दारात 'चाल' बटण दाबायचं, आणि दोघांनी मिळून नदी ओलांडायची. त्याशिवाय बार नाही. अशानं भलतासलता कुणी घुसणार नाही, आणि रीतही राहील. सासू मात्र मी वगळली. खऱ्या सासवा जन्मभर पुरतात. गेममध्ये तरी बायकांना सुट्टी.

पल्याड कडुनिंबाखाली एक घर जास्तीचं बांधलं. कुणाला दिलेलं नाही. फुईसाठी राखून ठेवलंय, देवपुरात तिच्या दारात कडुनिंबच आहे.

१९ मार्च, पाडवा

गुढी उभारली आणि दुवा घरच्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत अकरा लेकी. ज्या नाव लिहीत नाहीत त्यांना सर्व्हर 'पाव्हणा' म्हणतो. सुरतेची सपनावहिनी नाव लिहायला विसरली आणि अर्धा तास सगळ्या तिला "अहो पाव्हणा" म्हणून वांगी मारत होत्या. हसून हसून आईच्या हातची पुरी करपली.

देवपुरातून सुलक्षणा आली. ही फुईची मुलगी, धुळ्यालाच शाळेत शिकवते. मी लगेच फोन केला. "फुईला दाखवलंस?"

"दाखवलं. म्हणाली, हे कसलं माहेर, आणि तोंड फिरवलं."

"मग?"

"मग काय? तिला मोबाइलात हिरवं बटण आणि लाल बटण, एवढंच कळतं. भजनं ऐकायला माझा जुना फोन दिलाय, तोही उलटा धरते."

ठीक आहे. अजून महिना आहे.

२५ मार्च

आज यंत्र कोसळलं. ऐन रंगात असताना सगळ्यांचं गाव गोठलं, आणि सतरा जणींनी सतरा वेळा विचारलं की काय झालं. कारण शोधलं तर आमच्या बायकाच. गेम उघडा ठेवायचा आणि भाकरी टाकायला जायचं. मंडळी ओट्यावर पुतळ्यासारखी बसलेली, आणि माझं बिचारं लहानसं यंत्र प्रत्येकीला सांभाळतंय.

मोठं यंत्र परवडणार नाही. मग अक्कल लढवली. जो पाच मिनिटं हलला नाही, त्याला सर्व्हर बाहेर काढणार. ना रुसवा ना फुगवा, सरळ बाहेर. आळशाला या गावात जागा नाही. नियम लावल्यापासून यंत्र वाऱ्यासारखं पळतंय. मला मोठ्या कंपनीत का ठेवत नाहीत कळत नाही.

२९ मार्च, रविवार

आबांना काय झालंय? जेवताना विचारतात, "तुझ्या त्या नदीला उथळ कुठे आहे?"

मी म्हटलं, "आबा, तुम्हाला काय करायचंय?"

"इचारं. इचारानं नही का?"

सांगितलं, वडाच्या अंगानं उथळ आहे. मग पाणी पिऊन झाल्यावर, अगदी सहज, "आन् तठे पानी कोन देस?"

"कुठे पाणी?"

"पल्याड. दारशी उभा राहेल मानूसले."

कुणी नाही देत, म्हटलं, गेम आहे तो, तिथं तहान लागत नाही. आबा म्हणाले, "हं." आणि हात धुवायला गेले. आई माझ्याकडे बघत होती, मी विचारलं काय, तर म्हणाली काही नाही. या घरात सगळ्यांना माझ्या गेमवर बोलायचंय, खेळायचं मात्र कुणाला नाही.

२ एप्रिल

भलतंच लफडं. गेले काही दिवस संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, एक 'पाव्हणा' येतो. अल्याडून निघतो, वडाच्या अंगानं नदी उतरतो, आणि थेट कडुनिंबाखालच्या त्या रिकाम्या घरासमोर जाऊन उभा राहतो. बस, उभा. वांगं फेकत नाही, कुणाशी बोलत नाही. पाच मिनिटं झाली की माझा नियम त्याला उचलून बाहेर टाकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

त्याहून संतापाची गोष्ट म्हणजे दुसरा एक पाव्हणा पल्याडच्या बाजूनं येतो आणि त्याच घराच्या ओट्यावर बसतो. फुईसाठी राखलेलं घर, आणि कोण कुठला फुकट्या येऊन बसतोय. तोही हलत नाही. त्यालाही नियम बाहेर काढतो. कधी आधी हा, कधी आधी तो.

प्रज्ञा म्हणते, माणसं नसावीत. इंटरनेटवर असले आपोआप फिरणारे प्रोग्राम असतात, कुठंही शिरतात आणि उभे राहतात. पटलं. माणूस असता तर काहीतरी केलं असतं.

सुलक्षणाला फोन केला होता. फुईचं काही चिन्ह नाही, उलट संध्याकाळी फार तापलेली असते म्हणाली. काल एकटीच बडबडत होती, "येतो, उभा राहतो, आणि तोंड न उघडता चालता होतो. मग येतो कशाला?" सुलक्षणाला वाटतं दूधवाल्याशी काही बिनसलंय.

६ एप्रिल

दोन्ही पाव्हण्यांना कायमची बंदी घातली. एक ओळ लिहिली आणि मोकळी झाले. आता ते घर स्वच्छ.

आबा आज जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, भूक नाही. गोठ्याशी बसून मोबाइल हातात उलटापालटा करत होते. नेट चालत नाही का विचारलं, तर म्हणाले, "चालस. मालेच येऊ देत नही." काय येऊ देत नाही ते काही सांगितलं नाही. बहुधा बाजारभावाचं ते पान अडकलं असेल. रविवारी नीट करून देईन.

९ एप्रिल

लिहायचीही लाज वाटतेय, पण लिहिते.

सकाळी आई भाकरी थापत होती. मी फुशारकीनं तिला त्या दोन पाव्हण्यांची गोष्ट सांगितली. रोज यायचे, एक दारात उभा, एक ओट्यावर, मी कसं दोघांना हाकललं. आई ऐकत होती. भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या गावात सासू कुठे आहे?"

मी म्हटलं, "आता सासूचं काय मधेच?"

"तुझ्या आबांनी तुला सगळं सांगितलं होतं ना? मुराळी पाणी मिळाल्याशिवाय बोलत नाही. लेक 'चाल' ऐकल्याशिवाय उठत नाही. पाणी द्यायला तू कुणाला ठेवलंस?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

आबा रोज संध्याकाळी गोठ्यात मोबाइल घेऊन बसायचे आणि नदी उतरून बहिणीच्या दारात जाऊन उभे राहायचे. ती ओट्यावर बसून वाट बघायची. हा पाण्याची वाट बघतोय, ती शब्दाची, आणि माझा सर्व्हर दोघांना आळशी समजून बखोट धरून बाहेर काढतोय. तिला दिसायचं की भाऊ येतो आणि न बोलता जातो. आबांना दिसायचं की बहीण उठून आत जाते. आणि मी? मी बंदी घातली. फुईला तिच्याच घरातून हाकलून तिचं घर मी स्वच्छ केलं. काखेत कळसा नि गावाला वळसा.

रडू आलं. आई म्हणाली, "रडतेस काय, मशीन तुझी आहे ना?"

मी म्हटलं, आत्ताच जाऊन आबांना सांगते, फुईला फोन करते. आईनं उलथनं उगारलं. "खबरदार. सांगितलंस तर दोघंही म्हणतील, आम्ही कशाला जातोय त्या खेळात. मेले तरी कबूल करायचे नाहीत. तू तुझ्या गावातलं सुधार. त्यांचं ते बघतील."

तुला कधीपासून माहीत होतं, विचारलं. म्हणाली, "ते मला विचारून गेले ना, केसरचं घर ओळखायचं कसं. कडुनिंब मीच दाखवला."

१२ एप्रिल, रविवार

तीन कामं केली. एक, बंदी काढली. दोन, पाच मिनिटांचा नियम पल्याडच्या दारांना आणि ओट्यांना लागू नाही. तिथं माणूस दिवसभर उभा राहिला तरी सर्व्हर चकार शब्द काढणार नाही. तीन, सासू केली. डोक्यावर पदर, हातात तांब्या. चालण्याची ढब आईची घेतली, तिला आवडली नाही. आवाजही तिचाच. चार वेळा म्हणून घेतलं, पहिल्यांदा फार गोड आलं, म्हटलं, आई, खरी सासू वाटू दे.

मग बंदी उठल्याचं दोघांना कळावं कसं? आईनंच जेवताना हवेत सांगितलं, "हेमांगीच्या गेममध्ये काहीतरी बिघाड होता म्हणे, आज नीट झाला." तिकडे सुलक्षणाकडून हेच वाक्य म्हणवून घेतलं. तिला आता सगळं ठाऊक आहे. फोनवर आधी हसली, मग लगेच तिला सांगायला उठली.

संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन माजघरात. आबा गोठ्यात.

पाव्हणा आला. वडाच्या अंगानं उतरला. कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं ओट्यावर दुसरा. दोन ठिपके, आणि माझा जीव टांगणीला. पाच मिनिटं झाली. सहा झाली. कुणाला काही झालं नाही. मग दार उघडलं, सासू आली, आणि गोठ्यातून आईचा आवाज ऐकू आला, "या, पानी घ्या." स्वयंपाकघरात आई हातातलं काम थांबवून उभी.

बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, यंत्र पुन्हा अडकलं. मग लॉगमध्ये, सर्व्हरच्या नोंदवहीत, एक ओळ आली: पाव्हणा १ - चाल.

आणि ओट्यावरचा उठला.

दोघं नदीत उतरले. आबांना ती चालवायची चकती नीट जमत नाही, दोनदा खोल पाण्याकडे गेले. ती थांबायची, आबा परत यायचे, मग पुढे. अल्याडच्या काठावर लेकीला नाव लिहावंच लागतं, त्याशिवाय आळीत जागा नाही. फार वेळ लागला, एकेक अक्षर येत होतं. केसर.

मी कीबोर्डवर डोकं ठेवून रडले. रडताना कुठलंतरी बटण दाबलं गेलं आणि खालच्या आळीत चाळीस वांगी पडली. पडू देत.

आबांनी आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आई वाढत राहिली.

१४ एप्रिल

आज कुणी खेळायला नाही, प्रज्ञा जयंतीच्या मिरवणुकीत. तिनं निळ्या फेट्यातला फोटो पाठवला, वर लिहिलं, "उद्यापासून तुमच्या वरच्या आळीची खैर नाही." खालच्या आळीची पुढारी तिलाच केलंय.

केसर मात्र रोज येते. अजून गाणं सोडलं नाही, आळीतून नुसती फिरते, विहिरीशी थांबते. मी तिला ओळख दिलेली नाही. शेजारी जाऊन उभी राहते, एवढंच.

१६ एप्रिल

सुलक्षणाचा फोन. फुईला विचारलं तिनं, आता खऱ्या माहेरी जायचं का? तर म्हणाली, "मोबाइलमा उना म्हनजे उना का? दारशी उना नही." म्हणजे मोबाइलात आला तरी भाऊ दारात आला नाही, घोडं तिथंच अडलंय.

मी हे वाक्य रात्रीच्या जेवणाला आईला मोठ्यानं सांगितलं, भिंतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आबा ताकात मीठ घालत राहिले. जाऊ दे. मला जास्तीचा हव्यास नको. ती बार खेळेल, एवढंच मी मागितलं होतं. एवढं झालं तरी माझं नाव हेमांगी.

१८ एप्रिल

उद्याच्या एका दिवसापुरतं मोठं यंत्र भाड्यानं घेतलं. सगळं गाव उचलून जुन्यावरून नव्यावर नेलं. सासू वाटेत हरवली होती, सापडली. सुरत, नाशिक, दीपनगर, पुणे, सगळीकडून लेकी दुपारपासून येऊन बघून गेल्या. उद्या कोसळलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही.

आबांनी मगनभाऊंची ओम्नी उद्यासाठी सांगून ठेवलीय. आंब्यांना जायचं असेल. सणाच्या दिवशी आणणार म्हणजे महागच मिळणार, पण या घरात माझं ऐकतं कोण?

१९ एप्रिल, आखाजी

आजच लिहायचं.

चार वाजता बार सुरू झाला. अठ्ठेचाळीस जणी. यंत्र हललं नाही, डुललं नाही. खरा नाला आमच्या घरामागेच आहे, तिथं गावातल्या बायका मोबाइल घेऊन काठावर बसल्या, त्यामुळे एकच गाणं मोबाइलातूनही यायचं आणि नाल्यावरूनही. प्रज्ञानं पहिलाच असा वार केला की वरची आळी गारद. दीपनगरच्या पोरीला ही गाणी कुणी शिकवली, बायका विचारायला लागल्या. मी शिकवली म्हणून सांगायची सोय नव्हती, मी वरच्या आळीची.

आणि मग केसर बोलली. पहिल्यांदा. तोच आवाज, थोडा घोगरा झालेला.

"तठल्या पोरीस्नी भाकर जाड,
तिले तोडाले लागस कुऱ्हाड."

नाल्यावरच्या म्हाताऱ्या उठून उभ्याच राहिल्या. "केसर शे. रुपचंदनी केसर शे ही." रुपचंद म्हणजे माझे आजोबा. एकीनं पदर डोळ्यांना लावला, दुसरी म्हणाली, रडतेस काय, वांगं फेक. त्यानंतर अर्धा तास फुईनं खालच्या आळीची जी सालटी काढली, ती इथं लिहिण्यासारखी नाही. प्रज्ञानं मला निरोप पाठवला, "ही बाई माणूस आहे की तोफ?"

आणि ऐन रंगात फुई गप्प झाली.

ठिपका जागेवर. वांगी येतायत, लागतायत, हलत नाही. मी सुलक्षणाला फोन लावला, उचलला नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत पाच मिनिटं झाली, आणि सर्व्हरनं फुईला बाहेर काढलं. दार आणि ओटा सोडून बाकी गावात नियम तसाच होता, तो काढायचं माझ्या लक्षातच आलं नाही. जुन्याच चुकीनं दुसऱ्यांदा फुईला माहेरातून घालवली. आता कायमची रुसणार, म्हटलं. धावत घरात आले. आबांना सांगावं तर आबा नाहीत, जेवण झाल्यापासून आंब्यांना गेलेले. आईला म्हटलं, "आई, मी पुन्हा घाण केली." आई दारात रांगोळी घालत होती. सकाळी एकदा घातली होती, ही दुसरी.

"आता कुणासाठी?" मी विचारलं.

"थांब जरा," म्हणाली.

पाऊण तासानं ओम्नीचा आवाज आला तेव्हाही मला आंबेच वाटले. मागचं दार सरकलं आणि आधी एक नऊवारीचा काठ दिसला, मग चप्पल, मग फुई. मागून सुलक्षणा, हातात दोन पिशव्या. आबा पुढच्या सीटवरून उतरले आणि कुणाकडे न बघता बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

आईनं फुईच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आजी होती तेव्हा ते तिचं काम होतं. फुईनं उंबऱ्याला हात लावला आणि हात तिथंच ठेवून थोडा वेळ उभी राहिली.

सुलक्षणानं मला बाजूला ओढून सांगितलं. फुई ओट्यावर बसून बार खेळत होती. समोर फाटकाशी मामा येऊन उभे. पांढरी टोपी, हात मागे. ना हाक, ना खाकरणं. फुईनं गाणं अर्धं सोडलं, फोन मांडीत ठेवला, पण जागची उठली नाही. सुलक्षणा म्हणाली, "मी दोघांकडे बघत राहिले. आजी वारली, आमच्या घरात सासू कुठे आहे? मग मीच डोक्यावर ओढणी घेतली, तांब्या घेऊन फाटकाशी गेले, म्हटलं, या मामा, पाणी घ्या." आबा पाणी प्यायले. तांब्या परत दिला. आणि म्हणाले, "चाल."

फुई तशीच निघाली. पिशव्या तिच्या चार दिवसांपासून भरलेल्या होत्या.

मी पाया पडायला गेले तर फुईनं फोन माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर माझीच पाटी: 'तुम्ही हलला नाहीत, म्हणून बाहेर काढले आहे.'

"हाई काय शे?"

मी चाचरत म्हटलं, "फुई, तो नियम आहे. पाच मिनिटं माणूस हललं नाही तर..."

"हालनी नही?" फुई आईकडे वळली, मग गोठ्याकडे, आणि गोठ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इतला वरीस जी हालनी नही ती आज धुयाथून आठे उनी. आन् हाई पोर माले म्हनस, हालनी नही."

गोठ्यात आबा हसले. असे मोठ्यानं हसलेले मी राकेशदादाच्या लग्नाआधी ऐकले होते.

मग फुई नाल्यावर गेली. खऱ्या. मी तिचं नाव पुन्हा आत घेतलं, नियम मुळापासून उपटून टाकला. अंधार पडेपर्यंत ती काठावर उभी राहून एका हातानं मोबाइलातल्या खालच्या आळीला आणि दुसऱ्या हातानं समोरच्या खालच्या आळीला वाजवत होती. प्रज्ञानं शेवटी शरणचिठ्ठी पाठवली. वरची आळी जिंकली. यंत्र शेवटपर्यंत उभं राहिलं, हे मी एकटीच म्हणतेय, बाकी कुणाला त्याचं काही नाही.

आता सगळे ओट्यावर बसलेत. आबा आणि फुई शेजारी शेजारी, मधे पानाचा डबा. अजून एकमेकांशी थेट काही बोललेले नाहीत. आबा आईला सांगतात, "तिले इचार, पाय दुखतस का?" आणि ती आईला सांगते, "सांग त्यास्ले, नही दुखत." मी कोपऱ्यात लिहितेय ते फुईनं बघितलं. गावाच्या जिंकण्यात माझाही थोडा हात आहे, एखादा शब्द कौतुकाचा येईल असं वाटलं. तिनं घसा साफ केला.

"हिनी बांधं गाव, हिनी बांधी नदी,
चहा मांगा तं मिये ना कधी."

आबांनी मांडीवर थाप मारली. जाते, चहा ठेवते.